खालचा सूर

१२ जानेवारी

भावजी,

मी चादरी पिळून दोरीवर टाकत होते आणि आत हे एकच तुकडा सतराव्यांदा वाजवत होते. सतरा मला नक्की आठवतात, कारण चादरी तेवढ्याच होत्या. त्याआधी दारातला केर काढला होता, भांडी घासून पालथी घातली होती, इस्त्री तापत ठेवली होती. तुम्ही उंबऱ्यावर चहा घेऊन बसला होतात. तुम्ही आत ओरडलात, "अरे, तळघरात दिवा लावा कुणीतरी! दादाला रस्ता सापडेना." आतून वाजवणं न थांबवता उत्तर आलं, "पोटमाळ्यावर उंदीर फार झालेत, आधी ते हाकल." मला हसू आलं आणि शेवटच्या चादरीचं टोक मातीत गेलं. ती पुन्हा धुतली.

त्या सकाळी काहीच घडलं नव्हतं. यांना जाऊन सात महिने झाले, आणि मला आठवतात त्या असल्याच सकाळी. मोठे दिवस आठवत नाहीत.

परवा ऑर्केस्ट्राचे मालक आले होते. अजून तुम्हा दोघांना त्यांनीच दिलेल्या नावांनी बोलतात: खाली बेस वाजवणारा तळघर, वर गिटार वाजवणारा पोटमाळा. म्हणाले, "वहिनी, तळघरासाठी एक कार्यक्रम करायचाय. सतरा मार्च, रविवारी सकाळी, शाळेच्या सभागृहात. तेव्हा राहून गेलेली ती नऊ तमिळ गाणी. सगळे आहेत, फक्त खालचं कोणी नाही. कीबोर्डवर काढून घेऊ."

मी म्हटलं, "कीबोर्डवरचा बेस म्हणजे फोटोला चढवलेला चष्मा. दिसायला बरोबर, पण त्यातून बघतंय कोण?"

ते हसले. "हे तुम्ही कधीपासून बोलायला लागलात?"

बोलायला लागले खरी. सात महिने मी दुसरं काही ऐकलेलं नाही. त्याबद्दल पुढे लिहीन. आज विचारायचं ते एवढंच: बेस तुम्ही वाजवाल का? ती नऊ गाणी दोन हिवाळे यांच्या शेजारी उभं राहून वाजवलेला माणूस एकच आहे. यांची बेसची गिटार इथे आहे. तारा मी पुसून ठेवते.

टेपचं आता राहू द्या. यांनी त्या नऊ गाण्यांचा नुसता बेस एका टेपवर भरून ठेवला होता, बाकीच्यांनी त्यावर आपापलं बसवायचं म्हणून. कार्यक्रमाच्या आधी ती टेप मिळाली नाही आणि गाणी राहून गेली. तुम्ही नेऊन परत आणलेल्या चार टेपांत एक कोरी निघाली, आणि ती हीच, तुम्हीच पुसली, असं ठरलं. कशी पुसली गेली कोण जाणे. बारा वर्षं झाली त्याला.

यांना नेलं त्या दिवशी तुम्ही समोर सायकलच्या दुकानापाशी उभे होतात. मी पाहिलं होतं. हाक मारायला हवी होती.

तुमची वहिनी


२ फेब्रुवारी

भावजी,

तुमचं उत्तर नाही. जाऊबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "पत्र वाचलं, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवलं. धुवायला शर्ट मागितला तर देत नाहीत." मी म्हटलं, "मग वास येईपर्यंत वाट बघू." त्या हसल्या, पण पुरतं नाही.

तर पुढे लिहिते म्हटलं होतं, ते लिहिते.

यांच्याबरोबर इतकी वर्षं संसार केला, पण यांचा बेस मला कधी ऐकूच आला नव्हता. घरात घुमायचं, खिडकीची काच थरथरायची, ते कळायचं. पण गाणं लागलं की माझा कान गाणाऱ्याच्या मागे जायचा. हे गेल्यावर मी यांच्या खोलीतला मोठा स्पीकर पुसायला घेतला आणि सहज टेप लावली. कमरेत कळ आली म्हणून त्याला पाठ टेकून खाली बसले. गाण्यात काय चाललंय ते मला पहिल्यांदा पाठीतून कळलं. कान नंतर शिकला.

आपल्या घरात तमिळचा एक शब्द कुणाला येत नव्हता. मी एकदा विचारलं होतं, "अर्थ कळत नाही तर ऐकता काय?" हे म्हणाले, "अर्थ कळला की कान शब्दांपाशी बसून राहतो. कळत नाही तेच बरं. मग तो कंटाळून खाली उतरतो." मला ते तेव्हा पटलं नव्हतं. आता मी रोज खाली उतरते.

गाण्यांची नावं ठाऊक नाहीत, म्हणून मीच ठेवली आहेत. एक आहे 'जिना'. त्यात बाई एकाच जागी, एकच ओळ तीनदा म्हणते. खाली बेस एकेक पायरी उतरत जातो. ओळ तीच, पण पहिल्यांदा ती बाई खुशीत वाटते, दुसऱ्यांदा तिला काहीतरी आठवलेलं असतं, आणि तिसऱ्यांदा ते तिने सोडून दिलेलं असतं. तिने काहीच केलेलं नाही. सगळं खालच्याने केलं. दुसरं आहे 'शेजारीण'. त्यात गाणारा श्वास घ्यायला थांबला रे थांबला की बेस मध्येच दोन शब्द बोलून घेतो, आणि तो पुन्हा गायला लागला की गप्प. भिंतीपलीकडून बोलणारी बाई असते ना, अगदी तशी. आणि तिसऱ्यात पहिलं कडवं संपेपर्यंत बेस नाहीच. ऐकताना काही कमी वाटत नाही. मग तो येतो, आणि तेव्हा कळतं की इतका वेळ पायाखाली जमीन नव्हती.

इतर गाण्यांत बेस दारावरच्या पहारेकऱ्यासारखा उभा असतो. बरोबर, वेळेवर, पण बाहेरच. या गाण्यांत तो घरात येतो, पाट ओढून बसतो आणि बोलतो. आणि घाई नाही. ठोका पडून गेल्यावर केसभर थांबून येतो. मी यांना म्हटलं होतं, "उशीर होतोय तुम्हाला." तर म्हणाले, "उशीर नाही तो. खात्री आहे."

यांच्या कामातलंच बोलायचे. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस दुसरं काय बोलणार! "लोकांना वर जाणारी पेटी दिसते. तिच्या मागे तेवढंच वजन खाली उतरत असतं, ते दिसत नाही. ते उतरतं म्हणून ही चढते." तुम्ही चिडवलं होतंत, "म्हणजे दादा, तू वजन." हे म्हणाले, "आणि तू पेटीतला आरसा. सगळे तुझ्यात बघून केस विंचरतात."

इतकं सगळं लिहिलं ते मुद्द्यावर यायचं टाळायला. आता येते.

टेप मी पुसली.

लोकांचे इस्त्रीचे कपडे गुंडाळायला रद्दी यायची. तिच्यावरूनच मी अक्षरं शिकले, घरात कुणाला न सांगता. लेक चौथीत गेली तेव्हा तिची वही मला वाचता येईना, त्याची लाज वाटली होती. पुढे वाक्यं जमायला लागली. पण आपण बरोबर वाचतो की नाही हे कुणाला विचारणार? मग म्हटलं, टेपवर वाचू आणि आपणच ऐकू. स्वयंपाकघरातला तो लहान टेपरेकॉर्डर, वाटीएवढ्या स्पीकरचा, त्यात बटण होतं. कोरी टेप हवी होती. यांच्या टेपांवर नावं नसायची. "नाव लिहिलं की लोक मागतात," म्हणायचे. एक घेतली, लावून बघितली. आवाज नाही. पट्टा घसरल्यासारखी कुठेतरी टकटक, बस. बिघडलेली कोरी टेप आहे असं समजून तिच्यावर वाचलं. 'डोळ्यांची निगा' असा लेख होता. मग ती तिच्या डबीसकट बटणांच्या डब्यात लपवली.

बेस वाटीएवढ्या स्पीकरमधून येत नाही हे मला ठाऊक नव्हतं. ती टकटक म्हणजे यांची बोटं होती.

तुम्ही भांडलात त्या दिवशी मला काही कळलं नाही. चौथ्या दिवशी हे म्हणाले, "त्या टेपच्या डबीचा टवका उडालेला होता, आंधळ्यालाही सापडली असती. ती डबीही त्याने हरवली." मी जाऊन डबा उघडला. टेपच्या डबीला टवका होता.

सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात, भांडणात तुम्ही बोललेलं वाक्य यांनी पुन्हा म्हटलं: "पुसली असली तरी बेस नाही हे कुणाला कळलं असतं?" ते वाक्य यांच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. मी म्हटलं, आज नको, शांत होऊ देत. मग उद्या नको. मग बारा वर्षं.

चूक अडाणीपणाची होती. गप्प राहणं मात्र अडाणीपणाचं नव्हतं. तोवर मला वाचता येत होतं.

वहिनी


१९ फेब्रुवारी

भावजी,

तुमचं कार्ड आलं. "वहिनी, एक वाक्य होतं. बारा वर्षांत एक वाक्य." खरं आहे तुमचं.

मालकांनी तुम्हाला पुन्हा बोलावलं नाही, दुसऱ्या ऑर्केस्ट्रातही "भावाची टेप पुसणारा" हीच ओळख पोचली, मग गिटार खोळीत गेली आणि तुम्ही पाट्या रंगवायला लागलात. हे मला इथे बसून सगळं कळत होतं. जाऊबाई सांगायच्या, मी "अरेरे" म्हणायचे. ते अरेरे खोटं नव्हतं, पण अपुरं होतं.

आता तुम्हाला आणखी एक सांगायचं आहे. हे मलाही नवीन आहे.

बटणांच्या डब्यातली टेप मी मोठ्या स्पीकरवर लावली. माझं वाचन संपलं, खट् झालं, आणि खालून बेस सुरू झाला. मी पुसलं ते अर्ध्यापेक्षा जास्त, पण तीन गाणी शिल्लक आहेत. 'जिना' आहे. हे ऐकून मी खूश होऊन यांच्या सगळ्या टेपा एकेक करून लावल्या. चौथ्या दिवशी एक निघाली. आधी यांचा आवाज: "एक, दोन." मग मी. मीच, 'डोळ्यांची निगा' वाचतेय. आणि माझ्या वाचण्याखाली बेस.

मी वाचताना जोडाक्षराला अडायचे. 'दृष्टी'पाशी तर तीनदा अडलेय. तिथे बेस एक सूर धरून थांबलाय. हलत नाही. मला शब्द सापडला की पुढची पायरी. वाक्य संपवून मी श्वास घेते तिथे दोन सूर, शेजारणीसारखे. अख्खा लेख असा. माझं वाचणं भिकार आहे, पण त्याच्याखाली ते असलं की कुणी शहाणी बाई विचार करून बोलतेय असं वाटतं.

शेवटी मागून लेकीचा आवाज येतो, "बाबा, ताट वाढलंय!" तिला फोन केला.

ती म्हणाली, "सापडली होय तुला? आई, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. बाबा शर्टाचं बटण शोधत होते. डब्यात ती टेप मिळाली."

"मग मला का नाही बोलले?"

"म्हणाले, तिला वाचायला येतं हे तिने सांगितलं की मग बोलू. तोवर तू तोंड उघडू नकोस."

"आणि काकांचं?"

ती म्हणाली, "ते मी विचारलं होतं. म्हणाले, कुठल्या तोंडाने लिहू?"

आठ वर्षं, भावजी. यांना आठ वर्षं ठाऊक होतं. मी माझी चूक झाकून बसले होते आणि हे स्वतःची. एका घरात, एका डब्यावर दोघं. मी यांना जपत होते, हे मला जपत होते, आणि तुम्ही बाहेर.

मला यांचा राग आला. पहिल्यांदाच आला, आठ महिन्यांत. मेलेल्या माणसावर रागावणं कष्टाचं काम आहे, तो उलट बोलत नाही. दोन दिवस मी यांच्या फोटोकडे न बघता वावरले. तिसऱ्या दिवशी ती टेप पुन्हा ऐकली. राग गेला नाही, पण वाजवणंही वाईट झालं नाही. दोन्ही आहे, आणि मला दोन्ही पेलतं.

हे तुम्हाला न सांगता राहता आलं असतं. लेक म्हणाली, "कशाला उकरतेस?" पण पुन्हा एकदा तुम्हाला बाहेर ठेवून आम्ही घरात गप्प बसायचं, हे मला जमणार नाही.

दोन्ही टेपा आणि यांची गिटार पाठवते आहे. मोठ्या स्पीकरवरच लावा.

वहिनी


११ मार्च

भावजी,

तुमचं पाच पानी पत्र शनिवारी आलं. पाच पानं! हे असते तर म्हणाले असते, पोटमाळ्यावर जागा बरीच आहे.

तुम्ही टेपा ऐकल्यात. 'जिना' तुम्हाला अजून हातात आहे, शिल्लक तीन ऐकून बाकीची सहाही आठवली, रोज सकाळी दुकान उघडण्याआधी वाजवताय, बोटांना फोड आलेत. जाऊबाई म्हणतात, "घरातल्या डब्यांची झाकणं वाजतायत, पण माणूस जेवतोय." हे सगळं वाचून मी खुर्चीवरून उठले आणि उगीच खोलीत एक फेरी मारली.

माझ्या वाचनाबद्दल तुम्ही लिहिलंत की ते ऐकताना तुम्ही दादाला शिवी दिलीत आणि मग टेप पुन्हा मागे नेलीत. मला तुमची ही गोष्ट आवडली.

मग शेवटचं पान. "वहिनी, टेप तुमच्याकडून पुसली गेली हे सांगायचं तर खुशाल सांगा. पण दादाला ठाऊक होतं हे नको. लोक त्याच्यासाठी जमणार, त्याच दिवशी त्याला उघडं पाडायचं? मला बारा वर्षं सवय झाली आहे, मला काही होत नाही. ते सांगणार असाल तर मी येणार नाही. हे शेवटचं."

हे मी चारदा वाचलं. तुमचं मन मोठं आहे, आणि ते यांच्या वेळेला मोठं राहिलं, याचं मला आयुष्यभर ओझं राहील. तुम्ही आला नाहीत तर त्या सभागृहात कीबोर्ड वाजेल, आणि मला तो पहिल्या रांगेत बसून ऐकावा लागेल. हेही मी धरून चालले. मालकांना मी काही कळवायच्या आधीच त्यांनी फोन करून विचारलं, "तळघर भरणार का रिकामं?" मी म्हटलं, "तालमीला येऊन सांगते."

पण मी तुमचं ऐकणार नाही. का, ते लिहिते, म्हणजे वहिनी हट्टी आहे एवढ्यावर सुटका होणार नाही.

यांनी मला एकदा एक गंमत दाखवली होती. गाणं चालू ठेवून स्वतः मुद्दाम एक सूर खाली चुकीचा लावला. मला वाटलं गाणारी बाई बेसूर झाली. मी म्हटलंही, "ही चुकली." हे हसले. "ती जागच्या जागी आहे. चुकलो मी. पण खालचा सूर चुकला की लोक वरच्याकडे बघतात. म्हणून खाली वाजवणाऱ्याने चूक झाली तर लगेच कबूल करायची असते, नाहीतर मार दुसरा खातो."

हे त्यांचंच बोलणं आहे, माझं नाही. आणि ते त्यांनी पाळलं नाही. मीही पाळलं नाही. तुम्ही जागच्या जागी होतात आणि बारा वर्षं सगळे तुमच्याकडे बघत राहिले.

मी नुसती माझी चूक सांगितली तर लोक म्हणतील, बिचारी अडाणी बाई, तिला काय कळतं, आणि बिचारा तिचा नवराही फसला. तुमचं नाव अर्धवट धुऊन निघेल. डाग असा अर्धा काढला तर कापडावर कडा राहते, ती पुढे कधीच जात नाही. हे मला इस्त्री करता करता कळलेलं आहे. यांचं म्हणाल तर ती दुसरी टेप आहे ना. ज्या माणसाने ती वाजवली त्याच्याबद्दल खरं सांगितलं तरी तो पुरून उरेल. माझा तेवढा विश्वास आहे. तो नसता तर मीही गप्प बसले असते.

तुम्ही यावं असं मला फार वाटतं. पण येण्यासाठी ही किंमत असेल तर ती मी देणार नाही, कारण ती पुन्हा तुमच्याच खिशातून जाते. रागवायचं तर माझ्यावर रागवा. मी जिवंत आहे, उलट बोलू शकते.

शनिवारी संध्याकाळी एवढं ठरवलं आणि यांच्या फोटोलाही सांगितलं, उद्या सांगणार आहे म्हणून. मग दिवा घालवून झोपले. झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या तालमीला गेले, मालकांना वाद्यं थांबवायला सांगितलं, आणि टेप मी पुसली होती व हे यांना आठ वर्षं ठाऊक होतं, अशी दोन्ही वाक्यं सगळ्यांसमोर उभं राहून सांगितली.

तुमची वहिनी